कसर लागू नये म्हणून

२ नोव्हेंबर

अखेर कपडेपट घरी आला. चौऱ्याऐंशी नग, हातगाडीच्या तीन फेऱ्या आणि माझ्या कमरेचे तीन तेरा. राजेसाहेबांचा जरीचा कोट मी गाडीवर टाकला नाही. दोन्ही हातांवर आडवा घेऊन चालत आणला. रस्त्यातली माणसं आपणहून बाजूला होत होती.

मालकांना हे कळता कामा नये. नाटक कंपनीला चार महिन्यांची सुट्टी आहे, गोदामाची किल्ली माझ्याकडे आहे, आणि "कपडे गोदामाबाहेर गेले तर त्यांच्यामागे तुम्हीही जाल" हे मालकांनी मला तोंडावर ऐकवलेलं आहे. माझ्या आधीचा माणूस कपडे परस्पर भाड्याने द्यायचा, त्याचं पाप माझ्या माथी. पण गोदामाच्या भिंतीला ओल आली आहे आणि कोपऱ्यात मला कसर दिसली. ही कीड आवाज करत नाही, डोळ्याला सहसा दिसत नाही, आणि लोकरीचा अख्खा कोट आतून खाऊन मोकळी होते. आणखी एक भोक पडलं की माझी एकतीस वर्षांची नोकरी संपली.

आमच्या खोल्या दोन. बाहेरच्या खोलीत ओटा, टेबल आणि आल्यागेल्याचा राबता. आतल्या खोलीत पलंग. सगळं आतच बसवलं: पलंगाखाली ट्रंका, भिंतीलगत दोऱ्या, आणि पायथ्याशी पाच पुतळे, त्यांच्यावर मोठे कोट. ही कमरेवर हात ठेवून बघत होती.

"आपण झोपायचं कुठे?"

"पलंगावर. रोज झोपतो तिथेच."

"आणि हे पाच जण बघत उभे राहणार?"

"अगं, त्यांना डोकी नाहीत. बघतील कशाने?"

हसली बिचारी. तशी ती सध्या कशालाही हसते. ११ डिसेंबरला लेक येते आहे. जावई जहाजावर नोकरीला निघाला, त्यामुळे दोन महिने इथेच राहणार. आणि सोबत नातू! आम्ही त्याला अजून पाहिलेलंही नाही. येईल तेव्हा दीड महिन्याचा झालेला असेल. तोपर्यंत घर नीट लागलं पाहिजे.

६ नोव्हेंबर

खिडकीच्या फटींना जाड कापडाच्या पट्ट्या ठोकल्या. आता मुंगीसुद्धा आत यायची नाही. डांबरगोळ्या आणल्या. दर खिशात दोन, ट्रंकेत मूठभर, दोरीवर पुरचुंड्या. दुकानदार म्हणाला, "एवढ्या? गोदाम आहे का?" मी म्हटलं, "हो, गोदामच." खोटं काय त्यात?

जिन्यात खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन भेटले. म्हणाले, "तुम्ही दिसायच्या आधी कळता हो." मला बरं वाटलं. माणसाची चाल ओळखीची होते ती अशी.

१० नोव्हेंबर

हिला सकाळी मळमळलं. उठली आणि मोरीत जाऊन बसली. काल संध्याकाळी भूक नाही म्हणून नुसता चहा पिऊन झोपली होती. मी म्हटलं, पित्त. ती म्हणाली, "पित्त मला ठाऊक आहे. हे वेगळं आहे. पलंग फिरतोय." अकराच्या सुमाराला भाजी घेऊन आली तेव्हा ठणठणीत होती. मी चिडवलं, या वयात डोहाळे लागले की काय? पिशवी फेकून मारली.

१४ नोव्हेंबर

आज माझी पाळी. डोळे उघडले आणि छत हळूच डावीकडे सरकलं. मी त्याच्याकडे बघत राहिलो. सरकलं, थांबलं, पुन्हा सरकलं. जमिनीवर पाय ठेवला तर जमीन कलती. भिंत धरून बाहेरच्या खोलीपर्यंत आलो आणि तिथे खुर्चीत अर्धा तास बसलो. तोंडाला पाणी सुटत होतं, डोकं ठणकत होतं. मग हळूहळू सगळं जागच्या जागी आलं.

हिला सांगितलं नाही. दोघांनी आजारी पडायचं नसतं, एकाने तरी उभं राहावं लागतं. लेक यायला चार आठवडेही उरले नाहीत.

१७ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई तरुण आहेत, पण फार प्रश्न विचारतात. आम्हाला बघूनच म्हणाल्या, "लग्नाला निघालात का? ठेवणीतले कपडे दिसतायत." ही लाजली.

मग सुरू झालं. उठता उठता मान वळवली की फिरतं का? म्हणजे कानातला दोष. एकदम उठून उभं राहिलं की? म्हणजे रक्तदाब. उपाशी झोपता का? साखर उतरत असेल. कुठल्या गोळ्या घेता, कसली काळजी लागली आहे, झोप लागते का. ही काळजीच्या प्रश्नाला रडली. म्हणाली, "नातू येतोय हो. मी अशी गरगरत असले तर त्याला उचलू कशी? हातातून पडला तर?" बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

शेवटी मला विचारलं, "घरात काही नवीन आहे का? रंग लावलाय, औषध फवारलंय, काही सामान आणलंय?"

मी म्हटलं, "काही नाही."

ही माझ्याकडे बघून पदराने डोळे पुसायला लागली. आता मालकांची बायको याच बाईंकडे येते, तिथे मी कपड्यांचं नाव काढू? आणि कोटांनी कुणाला कधी चक्कर आली आहे?

रक्त तपासलं, कान तपासले. सगळं ठीक आहे.

२० नोव्हेंबर

हे लिहू की नको असं झालं आहे. सकाळी जाग आली आणि सवयीने पुतळे मोजले. सहा भरले. पुन्हा मोजले, सहाच. पाच कोट घातलेले आणि त्यांच्या मधोमध एक नुसताच, काळा. घाबरलो नाही, कारण तेव्हा एवढं गरगरत होतं की घाबरायला ताकदच नव्हती. बाहेर गेलो, तोंड धुतलं, चहा केला, कप घेऊन परत आलो. पाच होते.

थोड्या वेळाने ही चहा पिताना सहज म्हणाली, "तो मधला कोण हो?"

मी विचारलं, "कोण मधला?"

"जाऊ दे," म्हणाली. मी तिला काही सांगितलेलं नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं.

२५ नोव्हेंबर

ही चार दिवस बहिणीकडे गेली. तिचा फोन आला. आवाज खणखणीत. एकदाही मळमळ नाही, सकाळी बहिणीबरोबर टेकडी चढून आली म्हणे. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. बायको आपल्यापासून लांब गेली की बरी होते याचा नवऱ्याने काय अर्थ घ्यायचा?

२७ नोव्हेंबर

सकाळी जाग आली तेव्हा मी पलंगावर नव्हतो. राजेसाहेबांच्या कोटापुढे उभा होतो. उजव्या हातात सुई होती, दोरा ओवलेली. कोटाचं वरचं बटण माझ्या डाव्या मुठीत होतं. दोरा कापलेला होता, स्वच्छ, कात्रीने. कधी उठलो, कात्री कुठून घेतली, काही आठवत नाही.

आणि कुणीतरी म्हणालं, "शिंप्या, बटण." अगदी तेच दोन शब्द, त्याच कंटाळलेल्या सुरात. दर प्रयोगाआधी पडद्यामागे मान वर करून राजेसाहेब असंच म्हणायचे. मी बटण लावलं. टाका सरळ पडला.

२९ नोव्हेंबर

ही काल दुपारी आली, आज सकाळी पुन्हा मोरीत. आता मला कळून चुकलं आहे. आजार हिचा नाही, माझा नाही. घरात आणखी कुणीतरी आहे.

आमचं भांडण झालं.

"ते कपडे परत नेऊन ठेवा."

"गोदामात कसर आहे. भोक पडलं तर?"

"पडू दे की! माझं डोकं त्यांच्यापाशी गेलं की फिरतं. बहिणीकडे फिरलं नाही."

"तिथे तुला आराम मिळाला म्हणून."

"मला आराम नको, मला डोकं हवंय. बारा दिवसांनी माझी लेक येणार आहे."

बायकांच्या मनात एखादी गोष्ट बसली की बसली. तरी तिचं मन राखायला पुतळ्यांवर चादर टाकली. चादरीखाली ते जास्तच माणसांसारखे दिसतात. चादरीआडून कसर शिरू नये म्हणून कोटांच्या खिशात आणखी गोळ्या भरल्या.

३ डिसेंबर

इथे एक गोष्ट लिहून टाकतो. ही मी कुणाला सांगितलेली नाही, हिलाही नाही.

राजेसाहेब म्हणजे आमच्या कंपनीचे थोरले नट. वीस वर्षं राजाचंच काम केलं, म्हणून हे नाव. आवाज असा की शेवटच्या रांगेतला म्हातारा ताठ बसायचा. पण शेवटची काही वर्षं पहिल्या अंकाआधी ते ओकायचे. सगळे म्हणायचे, वय झालं, भीती वाटते. एकदा सिंहासनाच्या पायऱ्यांवर तोल गेला, मुकुट घरंगळत पहिल्या रांगेत. मला म्हणाले, "शिंप्या, तुझा हा कोट अंगावर चढला की मला गरगरतं. घरून निघताना मी चांगला असतो. गोळ्या घालू नकोस रे त्यात." नटांचे नखरे, दुसरं काय. पण त्यांचा शब्द मोडवेना. गेल्या हंगामात त्या एका कोटात गोळ्या घातल्या नाहीत. रोज उन्हात वाळत घातला.

आणि कसर लागली. मला दिसली नाही. भरलेल्या नाट्यगृहात राजेसाहेबांनी सिंहासनाकडे जायला पाठ फिरवली, आणि पाठीवर हे एवढं भोक. खालून पांढरा गंजीफ्रॉक. लोक हसले. वीस वर्षांत त्यांच्यावर पहिल्यांदा लोक हसले. त्यानंतर ते रंगमंचावर उभे राहिले नाहीत, तीन महिन्यांत गेले. भोक मी असं रफू केलं आहे की शोधून दाखवावं. पण ते हसणं कसं रफू करणार?

तेच आले आहेत. कोटाची काळजी घेतली नाहीस, असं सांगायला. मी आज कोटापुढे हात जोडले. म्हटलं, साहेब, आता चूक होणार नाही. आणखी गोळ्या आणल्या. अस्तराच्या आत ओळीने शिवून टाकल्या.

७ डिसेंबर

उपयोग नाही. सकाळी सहा पुतळे होते, आणि तो सहावा बाकी पाचांच्या पुढे येऊन उभा होता. ही आता बाहेरच्या खोलीत जमिनीवर झोपते. सकाळी ठीक असते. मला मात्र उठायला नऊ वाजतात. लघवी गडद होते, पाणी कमी पीत असेन.

थंडी वाढली आहे. बाहेरच्या खोलीत गार वारा येतो. बाळाला ऊब लागेल, तेव्हा लेक आणि बाळ आतच झोपतील. तिथे खिडकीला फट म्हणून नाही. विजेची शेगडीही आणून ठेवली. साहेबांना सांगितलं, बाळ येतंय, जरा सांभाळून घ्या.

११ डिसेंबर

आली!

लेक दारात उभी राहिली, बाळ छातीशी. आत आली, थांबली आणि डोळे मिटून तिने केवढा तरी श्वास घेतला. म्हणाली, "बाबांचा वास. लहानपणी तुम्ही प्रयोगाहून आलात की असाच यायचा. तिकडे कधी कुणाच्या कपाटातून हा वास आला ना, तर मला रडू यायचं." मी वास घेऊन बघितला. मला कसलाच वास आला नाही. पण पोर भरल्या डोळ्यांनी म्हणते आहे, तर असेल.

नातवाला हातावर घेतलं. काय वजन ते! एखाद्या टोपीएवढं. मुठी आवळलेल्या, भुवया आजीच्या. ही म्हणाली, "माझी चक्कर पळाली बघा," आणि तासभर त्याला खाली ठेवलं नाही.

मग मी माझा ठेवा काढला. लेकीची तान्हेपणीची झबली, टोपडी, हिने विणलेली गोधडी. एकोणतीस वर्षं ट्रंकेत जपलेली, दरवर्षी नव्या गोळ्या घालून. लेकीने एकेक उजेडात धरून बघितलं. "बाबा, एक भोक नाही!" ही म्हणाली, "एकदा धुऊन घेते." मी म्हटलं, धुतलेलीच ठेवली आहेत, थंडीत वाळणार कधी? त्याच्या अंगात घातली. बेतून शिवल्यासारखी बसली.

१३ डिसेंबर

नातू गुणाचा आहे. रडतच नाही. काल दिवसभरात दोनदाच प्यायला, बाकी वेळ झोप. लेकीला सकाळी मळमळलं, प्रवासाचा शीण असेल. ही म्हणते, "एवढं झोपतं का लेकरू? मला नाही आवडत हे." मी म्हटलं, ऊब आहे, पोट भरलं आहे, झोपणार नाही तर काय करणार?

रंगही उजळला आहे. शेगडीच्या उजेडात तर सोन्यासारखा दिसतो.

१४ डिसेंबर

सकाळी सोनं नव्हतं ते. खिडकीपाशी नेलं तर डोळ्यांचं पांढरंसुद्धा पिवळं. लंगोट चहाच्या रंगाचा. लेक त्याच्या पायावर टिचक्या मारत होती आणि तो डोळे उघडत नव्हता. हिने मला विचारलंही नाही. गोधडीसकट बाळ उचललं आणि अनवाणी जिना उतरली. जिला पंधरा दिवसांपूर्वी उभं राहवत नव्हतं ती रस्त्यातून पळत होती.

इस्पितळात तरुण डॉक्टरने बाळ घेतलं आणि एकदम नाक आक्रसलं. "हे कपडे कुठे ठेवले होते?"

मी पुढे झालो. म्हटलं, "मी ठेवले होते. एकोणतीस वर्षं. एक भोक दाखवा."

परिचारिकेने झबलं कात्रीने कापून काढलं, गोधडी पिशवीत भरून तोंड बांधलं. मग तो सावकाश बोलला, मी लहान मूल असल्यासारखा. म्हणाला, काही बाळांच्या रक्ताला डांबरगोळ्या अजिबात चालत नाहीत. रक्तातल्या पेशी फुटतात. नुसता वाससुद्धा पुरतो. तुमचा नातू त्यातला दिसतो. त्याला रक्त द्यावं लागेल. आणि घरात तुम्ही सगळे सकाळी बरे असता का?

ही म्हणाली, "नाही. आतल्या खोलीत झोपलं की एक सकाळ बरी जात नाही." मग ती माझ्याकडे न बघता सगळं बोलली. चौऱ्याऐंशी कपडे, पट्ट्या ठोकलेली खिडकी, चादर, सगळं.

"आणि तिथे नाहीत ती माणसं दिसतात का?" डॉक्टरने विचारलं. तेव्हा हिने माझ्याकडे बघितलं.

बाहेर पडताना मी त्याला गाठलं. "साहेब, कोटाच्या खिशात गोळ्या असल्या, आणि तो कोट कुणी रोज तीन-तीन तास घातला तर?"

"घरातून निघताना बरा आणि कोट चढवला की गरगरणार. कोण घालत होतं?"

मी म्हटलं, कुणी नाही. खाली येऊन जिन्याच्या पायरीवर बसलो. राजेसाहेब मला सांगत होते, हात जोडून सांगत होते, आणि मी नखरे म्हटलं.

१६ डिसेंबर

काल पट्ट्या उचकटल्या. खिडकी उघडली. सगळ्या गोळ्या बाहेर काढल्या, बादली भरली. अस्तरं उसवली. मालकांकडे गेलो आणि काय केलं ते सांगून किल्ली टेबलावर ठेवली. ते बरंच काही बोलले. मी ऐकलं का ते आठवत नाही.

बाहेरच्या खोलीत झोपलो. आज सकाळी जमीन सपाट होती. आतल्या खोलीत डोकावलो तर पुतळे पाच होते. खरं सांगायचं तर थोडं वाईट वाटलं. साहेबांशी बोलायचं राहून गेलं.

१७ डिसेंबर

रक्त दोनदा दिलं. आज दुपारी नातू रडला. ही फोनवर नुसतं "ऐका, ऐका" म्हणत होती आणि मला ते ओरडणं ऐकू येत होतं. एवढं सुरेख मी काही ऐकलेलं नाही.

धावत गेलो. तीनदा आंघोळ केली होती, नवा सदरा घातला होता, दुकानातून आणलेला, घडीचा. तरी परिचारिकेने दारात हात आडवा धरला. हळूच म्हणाली, "काका, राग मानू नका. तुमच्या अंगाला अजून येतोय. तुम्ही बाहेरच थांबा."

मी मनगट नाकाशी धरलं. मला काहीच येईना.

ही बाहेर आली. मला वाटलं, आता बोलेल. तिने माझी कॉलर सरळ केली, म्हणाली, "तिकडे काचेपाशी उभे राहा. तिथून दिसतो," आणि आत गेली.

काचेपलीकडे लेकीने त्याला उचलून माझ्याकडे तोंड करून धरलं. रंग आता माणसाचा आहे. त्याने डोळे उघडले आणि काचेकडे बघितलं. मला दिसलं की ते दोघं माझ्या किती जवळ आहेत. एक हाताचं अंतर, मध्ये काच, काच घट्ट बंद. तरी मी श्वास रोखून धरला.